लंडनच्या कोर्टाला मुदतीचा अर्ज

५ ऑगस्ट २०२५
व्हिसा नाकारला. जानेवारीत इंग्लंडात लेस्टरला भावनाचं बाळंतपण. लेक तिकडे एकटी. म्हणून आधी मी जाऊन व्यवस्था बघणार, मग बायकोने, सकूने यायचं, असं मीच ठरवलेलं. पत्रात म्हणे, सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत, तुमचा वाटा कळत नाही, परत याल याची खात्री नाही. मी काय तिथे भांडी घासत राहणार आहे? शिसारी आली.

९ ऑगस्ट
पुतण्या आदेश आसनगावला ऑनलाइन फॉर्म भरून देतो. म्हणाला, काका, यात अपील नाय. पुन्हा अर्ज करा, नायतर तिथल्या कोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णय कायद्याला धरून हाय का ते तपासायला लावायचं, तीन महिन्यांच्या आत. पुन्हा अर्ज म्हणजे नाक घासणं. कोर्टात जायचं ठरलं. मुरबाडच्या बांधाच्या केसमध्ये शेजारच्या गणूला एकोणीस वर्षं तारखांवर नाचवतोय, मला कोर्ट कोण शिकवणार?
सकू म्हणाली, माजा तरी फॉर्म भरा. केस ढिली पडेल, असं मी तिला बजावलं.

२ सप्टेंबर
भावनाने लंडनला वकीलबाई लावली. तिने सोळा पानं सहीला पाठवली. एका वाक्यात जोर नाही. ‘दुष्ट हेतूने’ हा शब्द एकदाही नाही! मीच लिहिणार.

३ ऑक्टोबर
चौथं पान. आजोबांच्या काळापर्यंत आलोय. भावनाचा फोन. बाबा, नुसती सही करा ना, म्हणून रडली. पोरांना दम नाही.

२८ ऑक्टोबर
भातकापणी सुरू. वकीलबाईला मेल केला, ‘शेतीकामामुळे अर्जदारास पुढील तारीख मिळावी.’ मुरबाडला याला कधी नाही म्हणत नाहीत.

६ नोव्हेंबर
उत्तर आलं. मुदत संपली. केस दाखलच नाही, तर तारीख कसली मागता? वर लिहिते, जिंकला असता तरी फक्त निर्णय रद्द झाला असता आणि पुन्हा त्याच ऑफिसने ठरवलं असतं. थू असल्या न्यायावर. दीडशे वर्षं आपल्याला कायदा शिकवला तो हाच? आता विलंबमाफीचा अर्ज करणार.

१९ डिसेंबर
विलंबमाफी, पान दुसरं. सकूचा व्हिसा आला. परस्पर आदेशकडून फॉर्म भरला होता. म्हणाली, तुमी केस लढा, मी पोरीकडं जातंय. घरातूनच दगाफटका.

३ जानेवारी २०२६
काल सकू गेली. तिने कायद्याचा कुठला मुद्दा घेतला ते बघायला कपाटातली अर्जाची कॉपी काढली. दीड पान. परत येण्याचं कारण: ‘माझे यजमान एकटे आहेत. त्यांना चहासुद्धा करता येत नाही. मी आले नाही तर त्यांचे हाल होतील.’ मी घरीच राहणार याचा पुरावा म्हणून माझं नकारपत्र जोडलंय.
दोनदा वाचलं. किळस आली, पण चूक एकही सापडली नाही.

११ जानेवारी, दुपारी
आठ दिवस बिनसाखरेचा चहा पितोय. शेवटी साखर कुठे ठेवलीस हे विचारायला लेस्टरला फोन लावला. सकूने उचलला. म्हणाली, पोरगी झाली हो, दोघी बऱ्या हायत, ठेवा आता. आणि ठेवलासुद्धा.