खुर्ची, लाल सिलिंडर आणि मी

सोमवार, ४

करू नये ते केलं. आग विझवायचा गॅसचा सिलिंडर मांडीवर घेतला, त्याच्या तोंडाचा भोंगा काढला (तोंड बारीक असलं की फुंकर जोरात येते), चाकांच्या खुर्चीवर बसलो आणि दांडी दाबली. जेवणाची सुट्टी, शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं.

चूक दाजींची. ताईच्या नवऱ्यानेच मला या विमान-इंजिनांच्या वर्कशॉपात धुण्यापुसण्याला लावलं. सकाळी मी म्हणालो, इंजिन मागच्या हवेला रेटा देतं म्हणून विमान पुढे जातं. नाही म्हणाले — मागे काही नसलं तरी जाईल. इंजिन हवा ओढतं, दाबतं, पेटवतं, जोरात मागे फेकतं. फेकताना तीच हवा इंजिनाला पुढे ढकलते. मी म्हटलं, थापा.

"चाकाच्या खुर्चीवर बसून पोतं फेकून बघ, शहाण्या."

पोतं मिळालं नाही.

दाजी खरं बोलतात. गॅस पुढे, मी मागे — थेट भिंतीपर्यंत. रिकामा सिलिंडर होता तिथे टांगला.

मंगळवार, ५

डोक्याला टेंगूळ. दार लागलं म्हणून सांगितलं. ताईने विचारलं, दार ठीक आहे ना.

बुधवार, ६

मेलो! शुक्रवारी तपासनीस येणार. एकेक सिलिंडर वजन करून बघतो म्हणे. शेडची जबाबदारी दाजींची. एक जरी हलका निघाला तर त्यांची बढती गेली. हे सांगता सांगता दाजींनी माझ्याकडून तोच सिलिंडर पुसून घेतला. चकचकीत केला. रिकामा.

विषय बदलायला विचारलं, सगळा जोर मागच्या आगीचाच ना? नाही म्हणे. मोठ्या इंजिनात आग पुढचा पंखा फिरवते, पंखा बाजूबाजूने गार हवा मागे लोटतो, जास्त जोर त्या गार हवेचा. आमच्या घरी ताई आणि दाजी तसेच.

गुरुवार, ७

वर्कशॉपचे मोठे साहेब बाहेर गेलेले. गडबडीत त्यांच्या केबिनमधला सिलिंडर शेडमध्ये आणला, आमचा तिकडे टांगला. साहेबांच्या केबिनची झडती कोण घेतंय!

शुक्रवार, ८

घेतली. केबिनमधला रिकामा — तो आमचाच. पण शेडमधलाही रिकामा! तो तर मी साहेबांचा आणलेला!

तपासनीस दाजींचं नाव लिहायला लागला. दाजींनी नुसती टोपी काढून हातात धरली. बघवेना. म्हणालो, एक मी संपवला.

"आणि दुसरा?"

साहेब मला म्हणाले, "आत ये. दार लाव."

गेली नोकरी.

शुक्रवार, संध्याकाळ

नाही गेली. साहेबांनी आधी दार नीट लागलंय का बघितलं, मग हळूच विचारलं,

"किती लांब गेलास?"

"भिंतीपर्यंत."

"भोंगा काढला होतास?"

"हो."

"तरीच. मी कपाटापर्यंतच गेलो."

मग बाहेर जाऊन तपासनिसाला सांगितलं, दोन्ही सिलिंडर माझ्या हुकमाने वापरले, दाजींचा काही संबंध नाही.

कुणाला सांगू नकोस हं. पाया पडतो. ताईला तर नाहीच. सोमवारी साहेब भोंगा काढणार आहेत.