इस्त्रीच्या वरची हवा

प्रिय ठमे,

सुखरूप घरी पोचले. गुडघे दोन दिवस रुसले होते, आता बोलायला लागलेत. आल्यापासून भेटेल त्याला धरून सांगतेय, आमच्या नातीने हवा इतकी गार केली की तिचं पाणी झालं, आणि ते मी तिच्या प्रयोगशाळेत जाऊन या डोळ्यांनी पाहिलं. शेजारीण म्हणाली, आजी, गोळ्या वेळेवर घेता ना?

पण मला सांग, एवढ्या गारठ्यात त्या पाण्याला हलायचं सुचतं कसं गं? तू म्हणालीस, तळाला इवलीशी ऊब दिली की खालचं हलकं होऊन वर जातं, वर गार पडलं की परत खाली येतं. उजेड त्यातून आरपार गेला की त्या हलण्याची सावली पडद्यावर पडते. काय ती सावली! आधी नुसती थरथर, मग एकेक घर उमटत गेलं, मधाच्या पोळ्यासारखं. आणि दोन तऱ्हेचं पातळ एकत्र केलंस तेव्हा तर नखरेच. घटकेत इकडे, घटकेत तिकडे. मी आणि तुझे आजोबा बाजाराला निघायचो, तसं. असं का करतं विचारलं, तर म्हणालीस, तेच तर शोधतेय. तुलाही ठाऊक नाही हे ऐकून फार बरं वाटलं बघ.

आणि माझा पराक्रम! बोट दाखवायला म्हणून उजेडात हात घातला, तर पडद्यावर माझ्या बोटांतून धूर. वाटलं, पेटला हात. तुझ्या यंत्रवाल्याने कपाळाला हात लावला, सकाळपासून जमवलेला फोटो बिघडला म्हणून, आणि तू हसत सुटलीस. आजी, ही तुझ्या हाताची ऊब. जन्मभर सगळे म्हणत आले, हिचे हात म्हणजे बर्फ. आता बोला म्हणावं!

हे सगळं तुझ्या बापालाही सांगितलं. बँकेतली नोकरी सोडून तू गार पाण्याकडे बघत बसतेस, म्हणून त्याने तुझ्याशी अबोला धरलाय, तरी सांगितलं. तो आपला खाली मान घालून इस्त्रीने शर्ट दाबत होता.

काल दुपारी त्याच्या इस्त्रीच्या दुकानात चहा घेऊन गेले. दारातून ऊन तिरकं आत आलेलं. गिऱ्हाईक ताटकळलेलं, आणि हा तापलेली इस्त्री उन्हात उभी धरून समोरच्या भिंतीकडे बघतोय. भिंतीवर इस्त्रीची सावली, आणि तिच्या वर हवा नुसती लहरत होती, ठमे! गिऱ्हाईक म्हणालं, शर्ट देता, की खेळ संपल्यावर येऊ? याचं लक्षच नाही. मला म्हणाला, आई, हे रोज इथेच होत होतं गं, मीच मान वर केली नाही. मग अगदी हळू विचारलं, तिला असंच दिसतं का?

मी म्हटलं, तिलाच विचार. तर लगेच शर्टात तोंड घातलं. तो फोन करणार नाही आणि तूही करणार नाहीस, एकाच ताग्यातलं कापड तुम्ही. म्हणून ही कागदाची उठाठेव. तूच बोलाव त्याला. नुसतं ये म्हटलंस तर दुकानाचं कारण सांगेल. म्हणावं, बाबा, तुमची जुनी इस्त्री घेऊन या, तिची हवा बघायचीय. धावत येईल. आणि आला की बोट दाखवायला उजेडात हात घालणारच, माझाच मुलगा तो. तेव्हा ओरडू नकोस. त्या दिवशीचा फोटो बिघडू दे.

तुझीच,
उबदार हातांची आजी