शेजाऱ्याच्या दारापुढे किती झाडावं?

क्योतो,
२५ ऑगस्ट

प्रिय माचिकोसान,

सप्रेम नमस्कार. ऑगस्ट संपत आला तरी इथला उकाडा काही हटायला तयार नाही. योकोहामाला निदान समुद्राचा वारा तरी असेल. तुम्ही, सूनबाई, नातवंडं सगळी खुशाल असाल. माझं छान चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांना भीक घालत नाही.

काल गल्लीत जिझोचा उत्सव झाला. मुलांच्या देवाला न्हाऊमाखू घातलं, तोंडाला नवा रंग दिला, मुलांच्या नावांचे कंदील टांगले. यंदा कंदील नऊच. तुमचा मुलगा लहान होता तेव्हा सव्वीस असायचे. मोठी जपमाळ फिरवायला मुलं पुरेनात, मग आम्ही म्हाताऱ्यांनीच मध्ये मध्ये बसून रिंगण पुरं केलं. मजा आली, खोटं कशाला बोलू!

आपले गल्लीप्रमुख इनोकुमा, पंख्यांच्या दुकानाचे, त्यांनी यंदा नवं खूळ काढलं, मुलांसाठी प्रश्नमंजुषा. "हल्लीच्या मुलांना आपल्या शहराचं काही म्हणजे काही माहीत नाही. सुगासान, तुम्ही तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढलीत. तुम्हीच प्रश्न काढा." मी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा हो म्हटलं. रीतच आहे तशी. खरं तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हाच माझे चार प्रश्न मनात तयार होते.

जुलैत, गिओनच्या उत्सवात, जुनी माणसं काकडी का खात नाहीत? "कारण काकडी बेचव असते!" असं एका पोराने ठणकावून सांगितलं. कापलेली काकडी देवाच्या चिन्हासारखी दिसते म्हणून, हे एकीला आलं. दारापुढे लाल बादली कशाला? आगीसाठी, हे सगळ्यांना आलं. आपल्या क्योतोच्या पत्त्यात 'वर' लिहितात, ती कोणती दिशा? उत्तर. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

मग माझा आवडता प्रश्न. सकाळी आपलं दार झाडताना शेजाऱ्याच्या दारापुढे किती झाडावं? अ, अजिबात नाही. ब, फूटभर. क, सगळं.

"क!" नऊच्या नऊ जणांनी गल्ली दणाणून सोडली.

इनोकुमांनी पंखा मिटून गुडघ्यावर आपटला. "चूक! अजिबात नाही झाडलं तर माणूस तुसडा. सगळं झाडलं तर शेजाऱ्याच्या डोक्यावर उपकार. म्हणून फूटभर. उत्तर ब!"

तुमच्या समोरच्या घरातली चिनात्सु आठवते? तुम्ही मुलाकडे योकोहामाला गेलात तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. आता दुसरीत आहे आणि कुणाचं ऐकत नाही. ती उठून उभी राहिली. "पण सुगा आजी तर बाजूच्या बंद घरापुढचं सगळं झाडते! रोज! कुंड्या सरकवून मागचंसुद्धा!"

"हो हो, आम्हीपण बघितलंय!" बाकीच्यांनी साथ दिली.

मोठी माणसं एकदम कलिंगडाच्या फोडी मोजू लागली. इनोकुमांना खोकला आला.

"आजी, तुम्हाला नियम माहीत नाही का?" चिनात्सुने विचारलं.

"माहीत आहे की."

"मग?"

इथवर लिहून मी उठले, चहा करून आले. आता पुढचं लिहायला हवं. चार वर्षं टाळलं तेवढं पुरे झालं.

तुमचे यजमान केन्किचिसान रुग्णालयात होते ते शरद ऋतूतले सात आठवडे. तुम्ही पहाटे जायचात, दिवेलागणीला यायचात. कोपऱ्यावरच्या देवळातल्या गिंकोच्या झाडाची पानं तेव्हा नुसती बरसत होती. मी रोज माझं दार झाडायचे, तुमच्याकडचं फूटभर झाडायचे आणि थांबायचे. पलीकडे तुमच्या दारात पानांचा खच.

मी मनाची समजूत घालत होते, की आजारपणात कुणी आपलं दार झाडलं तर गल्लीत बोभाटा होतो, माचिकोसानना अवघडल्यासारखं होईल. हे खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या नवऱ्याला जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. तुमच्या दारात रेंगाळले असते तर तुम्ही भेटला असतात, आणि मला विचारावं लागलं असतं, "कसे आहेत?" ते उत्तर ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती. म्हणून मी रीतीच्या आड लपले. रीत पाळणाऱ्याला कोण नाव ठेवणार?

केन्किचिसान गेले त्या सकाळी तुम्ही गाडीतून उतरलात. मी झाडत होते. माझं झाडलेलं संपून तुमची पानं सुरू होत होती तिथे तुम्ही खाली बघितलंत आणि अगदी गोड आवाजात म्हणालात, "सुगासान, तुमची रेघ किती सरळ असते हो!"

आणि मी बावळट, "छे छे, कसलं काय!" म्हणत कमरेत वाकले! जन्म या शहरात गेला आणि टोमणा कळायला मला संध्याकाळ व्हावी लागली. सूप ढवळताना कळला. हातातली पळी हातातच राहिली.

वसंतात तुमच्या सामानाची गाडी गेली. दुसऱ्या दिवसापासून मी तुमचं सगळं दार झाडते. बंद घर काही विचारत नाही, त्यामुळे सोपं होतं. त्यात मोठेपणा काही नाही. मुलांनी मात्र ते बघून नियमच बदलून टाकला.

मी चिनात्सुला खरं ते सांगितलं. "उत्तर ब च आहे. एका वेळी मी ब केलं आणि माझ्या मैत्रिणीच्या वाट्याला एकटेपणा आला. तेव्हा क करायला हवं होतं."

तिने बोटांवर अ, ब, क मोजून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही बरोबर. बक्षीस द्या."

बक्षिसाला इनोकुमांनी तीनच पंखे आणले होते. उरलेले सहा आणायला बिचारे भर उन्हात दुकानाकडे पळाले. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मी जरा जास्तच हसले, मग डोळे पुसले. कुणी काही विचारलं नाही. आपल्या गल्लीचा हा गुण मला फार आवडतो.

जाताना इनोकुमा हळूच म्हणाले की तुमच्या मुलाचा फोन आला होता. सप्टेंबरात तुम्ही घर बघायला येणार, विकायचं की राहायला यायचं ते ठरवणार. मी "असं होय," एवढंच म्हटलं. रात्री भात मात्र उतू गेला.

आता इथल्या रिवाजाप्रमाणे मी लिहायला हवं, 'इकडे येणं झालं तर घटकाभर जरूर डोकवा.' तुम्ही इथल्याच, त्याचा अर्थ 'नाही आलात तरी चालेल' असाच घ्याल. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आडवळण न घेता लिहिते.

चूक माझी होती. घर विकू नका. परत या.

तुमचीच शेजारीण, अजूनही,
सुगा