न जळणारं फडकं

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ मार्च १९७९

अक्का,

चार महिने हे पत्र टाळलं. मधे वारणानगरला गेलो, तिथंच रमलो. खरं म्हणजे लाज वाटत होती.

गोदीत कामाला असताना लढाऊ जहाजांच्या पायपांना आम्ही ॲस्बेस्टॉसचं कापड गुंडाळायचो. त्याच्या धुळीनं माझ्या जोडीदाराची, माधवची, छाती गेली, असं डॉक्टर म्हणाले. खोकला मलाही हाय, ते असो. पण त्यातलंच कापड मी मोठ्या तोऱ्यात तुला आणून दिलं, "जळत न्हाय बघ" म्हणून. तू त्याचं भांडी उतरायचं फडकं केलंस. ते झटकू नकोस. ओलं करून पुरून टाक.

दार वाजलं म्हणून उठलो, तर गडहिंग्लजहून तूच आलीस की! "पत्र न्हाय, पत्ता न्हाय, जित्ता हाईस न्हवं?" म्हणालीस. आता तू मोरीत पाय धुतेयस. डबा माझ्यापुढं आहे, त्याच फडक्यात बांधलेला, अजून ऊन. आता तोंडानंच सांगावं लागणार.

तुझा,
गोमटेश