बाहेरून कुलूप

३ मार्च
आईला परत आणलं! याही वेळी मोठ्या कचेरीच्या फाटकावरूनच. तिसरी खेप. रखवालदार म्हणाला, "ताई, सांभाळा आजींना. आत सोडा म्हणून हटून बसतात." पाऊण तासाची वाट, आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. आता कानाला खडा. उद्यापासून कारखान्यात जाताना बाहेरून कुलूप.

त्या कचेरीत हिचं काय ठेवलंय, कोण जाणे.

४ मार्च
कुलूप लावलं. दिवसभर शर्टांना काजं करत होते, लक्ष सगळं घराकडे.

७ मार्च
फलकावर नोटीस. सगळी वसाहत पाडून टॉवर बांधणार. पाहणीत जो घरात राहताना दिसेल, त्यालाच टॉवरमध्ये खोली. दार बंद दिसलं की नाव गळलं. पाहणी दहा ते वीस तारखेत, "केव्हाही". केव्हाही म्हणजे? माणसाने दारात पुतळा होऊन बसायचं का?

एक्कावन्न वर्षं झाली इथे. आधीचं घर पाडलं तेव्हा सरकारने इथे आणून टाकलं – दोन वर्षांसाठी! मी चार वर्षांची होते. वडील, आमचे दादा, गेले, तरी ती दोन वर्षं काही संपली नाहीत. आईने आजवर भिंतीत एक खिळा ठोकू दिलेला नाही. "जायचंय आपल्याला, कशाला भिंत खराब करता?" पेट्या अजून दोरीने बांधलेल्या. रोज सोडायच्या, कपडे काढायचे, परत बांधायच्या. शेजारीण म्हणते, तुमच्याकडे आलं की स्टेशनवर बसल्यासारखं वाटतं. मीही हसते.

१४ मार्च
पाच दिवस रजा टाकून घरी बसले. कुणी फिरकलं नाही. मुकादमाचा निरोप – "उद्या आली नाहीस तर परवा येऊच नकोस." शेजारणीला किल्ली दिली. "जा गं निर्धास्त. ते आले की मी दार उघडते."

१५ मार्च
आजच आले! शेजारीण तासभर दाढ काढायला गेली, नेमके तेव्हा. गालात बोळा धरून रडत होती, तिला काय बोलणार?

दारावर खडूने लिहिलंय – बंद. वापरात नाही. खिडकीतून डोकावले म्हणे. बोडक्या भिंती, बांधलेल्या पेट्या. आणखी काय दिसणार त्यांना!

आणि आई? आत होती. "माणसं आली होती घर मोजायला. मी पेट्यांमागे बसले. हूं की चूं केलं नाही." केवढ्या खुशीत सांगत होती! "गेली शेवटी. वाचलं आपलं घर."

मी ओरडले तिच्यावर. खूप ओरडले. मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले.

१७ मार्च
मोठ्या कचेरीत अर्ज दिला. कारकून म्हणाला, "आई आत होत्या, तर कुलूप बाहेर कसं?" सांगितलं सगळं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे कोंडून ठेवता." मी अर्जाची पोच मागून घेतली.

सुनावणी बावीसला. आईला आणायचं. साहेब तिला एवढंच विचारणार – कुठे राहता?

१९ मार्च
घोकून घेतेय.
"आई, कुठे राहतेस?"
"तुला नाही माहीत?"
"साहेबांना सांगायचंय."
"मग साहेबांना सांगेन की."
तिसरी रांग, खोली बत्तीस. दहातून सात वेळा बरोबर. उगाच आशा वाटायला लागलीय.

२१ मार्च
दहातून दहा!!

२२ मार्च
फाटकातून शिरलो आणि आईचा चेहराच फुलला. माहेरी आल्यासारखी पुढे पुढे चालत होती. साहेब चांगला माणूस. तिला खुर्ची दिली. "आजी, कुठे राहता?"

आई बसलीच नाही. खिडकीशी गेली, खाली अंगणात बोट दाखवलं. "नळ तिथे होता. तिथून तिसरं दार आमचं." मग साहेबांच्या टेबलावरून पदर फिरवत म्हणाली, "ही माझ्या चुलीची जागा. तुम्ही कधी उठणार?"

कारकून खो खो हसला. साहेब हसले नाहीत. काहीतरी लिहिलं आणि फाइल मिटली.

घरी येऊन दादांची पेटी उपसली. तळाशी घर सोडण्याचा हुकूम सापडला. "सदर जागा सरकारी कचेरीसाठी आवश्यक असल्याने..." खाली रस्त्याचं नाव. तोच रस्ता, तेच फाटक. मला कुणी कधी सांगितलंच नाही. ती तीनदा हरवली म्हणून मी तिला कोंडलं, आणि ती एकदाही हरवली नव्हती.

२८ मार्च
यादी लागली. बत्तीस नंबर नाही. पंधरा दिवसांत खोली सोडायची.

हुकूम घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचला. "खरं आहे हो. पण हा पुरावा त्या घराचा. या घराचा नाही."

१२ एप्रिल
पेट्या बांधायच्या नव्हत्याच. दाराला कुलूप लावलं नाही. आईच्या चपला नीट जोडीने तिच्यापुढे ठेवल्या. "चल, रस्ता माहीत आहे मला," ती म्हणाली. मी तिच्या मागून निघाले.