प्लेटिंगच्या पंख्याचा ग्राफ

३ फेब्रु., सोम.
धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंग शॉपचा पंखा आमच्या आयटीच्या मॉनिटरिंग टूलमध्ये घ्यायला आज सुरुवात. टूलमध्ये आयते मिळतात ते सर्व्हरचे ग्राफ, डिस्क नि मेमरीचे. बाकी काही हवं तर छोटी प्रोग्राम-स्क्रिप्ट आपणच लिहायची. हे काम कुणी सांगितलेलं नाही. कँटीनमध्ये शिंदेकाका म्हणाले होते, "ताई, तुमच्या कॉम्प्युटरला ताप आला तर तुम्हाला लगेच कळतं. आमचा धूर ओढणारा पंखा मंदावला तर कोणाला कळत नाय." बावीस वर्षं ॲसिडच्या टाक्यांवर आहेत. बोलता बोलता खोकतात.

५ फेब्रु., बुध.
चालला! दर पाच मिनिटांनी स्क्रिप्ट पंख्याच्या कंट्रोलरला मिनिटाचे फेरे किती ते विचारते, आकडा छापते, टूल रेघ ओढतं. काकांना मोबाइलवर दाखवला. "हा आपला पंखा?" दोनदा विचारलं.
कंट्रोलरचं नेटवर्क मधेच जातं. उत्तर आलं नाही तर जागा रिकामी सोडायला हवी, मी घाईत तिथे शून्य छापलंय. दुरुस्त करणे.

१० फेब्रु., सोम.
दु. ४ ते ६ रेघ तळाला. शुक्र.-शनि.सुद्धा तेच. नेटवर्कच असणार. ग्राफ प्लांट मॅनेजर देसाई सरांनाही दिसतो, म्हणून त्यांना मेल टाकली: ग्राफमधली शून्यं स्क्रिप्टमुळे असावीत, दुर्लक्ष करावे.
बॅकअपचं काम अंगावर आहे. दुरुस्ती उद्या.

१२ फेब्रु., बुध.
काका टाकीजवळ कोसळले. सव्वापाचला. गंगापूर रोडच्या हॉस्पिटलात नेलं. फुप्फुसात पाणी झालंय म्हणे.
जागेवर येऊन ग्राफ उघडला. चारपासून शून्य.
स्क्रिप्टची दुरुस्ती केलीच नव्हती, त्यामुळे शून्य खरं की नेटवर्कचं ते कळेना. माझ्या टेबलापासून शॉप शंभर पावलं. एकदा जाऊन बघितलं असतं तर

१३ फेब्रु., गुरु.
स्क्रिप्टचा लॉग वाचला. कंट्रोलर काय उत्तर देतो ते त्यात जसंच्या तसं असतं. उत्तर न आल्याच्या नोंदी तीनच, तिन्ही सकाळच्या. दुपारी दर वेळी उत्तर आलेलं. फेरे शून्य.
म्हणजे पंखा खरंच बंद होता. रोज.
सुपरवायझरला गाठलं. खाली बघत म्हणाला, "बेअरिंग तापतंय मॅडम. नवीन येईपर्यंत दुपारी बंद ठेवा, असं वरून सांगितलंय."
"वरून म्हणजे कोणी?"
तो रजिस्टर उचलून शॉपमध्ये निघून गेला.

१४ फेब्रु., शुक्र.
देसाई सरांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. माझ्या मेलची प्रिंट टेबलावर. "शून्य स्क्रिप्टमुळे, हे तूच लिहिलंयस ना? तेवढंच सही करून दे. आणि तो ग्राफ काढून टाक." माझ्यासाठी चहा मागवला.
"सर, लॉग बघा एकदा."
"लॉगसुद्धा तुझ्याच स्क्रिप्टचा."
सोमवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार.
लॉगची प्रत काढून घेतली. चहा तसाच राहिला.

१७ फेब्रु., सोम.
सही दिली नाही. इन्स्पेक्टरांनी विचारलं, "शून्य म्हणजे नक्की काय?" सगळं सांगितलं, मेलसकट. कुठली शून्यं माझ्या चुकीची नि कुठली पंखा बंद असल्याची. लॉगची प्रत त्यांनी फाईलला लावली. "बघू," म्हणाले.
दु. ३ पासून माझं लॉगिन चालत नाही. कोणी काही सांगत नाही. कँटीनमध्ये शेजारी कुणी बसलं नाही.

१८ फेब्रु., मंगळ.
हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. काका व्हेंटिलेटरवर आहेत. काकूंना भेटायला पहिल्यांदाच आले. कंपनीतून आले म्हणताच मला ओळखलं त्यांनी. "तूच ना ती? घरी येऊन सांगत व्हते, ताईनं पंख्याचं चित्र काढलंय, आता आमच्यावर कोणाचं तरी ध्यान राहील."
मी मान हलवली.
मांडीवरची पिशवी सावरत म्हणाल्या, "मग पंखा बंद हाय, हे तुला त्यात कवा दिसलं?"
इन्स्पेक्टरांना तारीखवार सांगितलं होतं. इथे 'दहा तारखेलाच' एवढंच म्हणायचं होतं.
तेवढ्यात नर्सनं आतून हाक मारली. "पिशवी बघ गं जरा," म्हणत काकू आत गेल्या. पिशवी माझ्या मांडीवर आहे. त्या अजून बाहेर आलेल्या नाहीत.