लग्नाला का आले नाही

९ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक. तुझ्या लेकीच्या लग्नाचे फोटो मिळाले. अगदी तुझ्यासारखी हसते गं, आधी डोळे, मग ओठ. ह्यांनी एक फोटो फ्रीजवर लावलाय.

तू फोन उचलत नाहीस. बरोबरच आहे. सख्खी मावशी लग्नाला नाही, आणि कारण काय, तर ‘जमलं नाही’. तुझ्या जागी मीही तोंड फिरवलं असतं.

तलावावरचा बायकांचा वर्ग चालू आहे, पण आता दुसरी शिकवते. मला खोकला होता ना, तो क्लोरीनचा समजून दुर्लक्ष केलं. पाठ दुखायची, ती वयाची. आवाज बसला, तो ओरडून ओरडून. मग एका सकाळी काठावर उभी राहून शिट्टी फुंकली, तर वाजेचना. श्वासच पुरला नाही. बायका हसल्या. मीही हसले.

लग्नाच्या दिवशी मी हॉस्पिटलात होते. फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं, ते काढत होते. त्या पाण्यात कॅन्सर निघाला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “सिगारेट?”

“कधीच नाही. मी पोहायला शिकवते.”

“न ओढणाऱ्या बायकांनाही होतो. कुणाला शंकाच येत नाही, म्हणून उशिरा कळतो.”

“पण बरी होईल ना?” हे मधेच म्हणाले.

“पूर्ण बरा होणार नाही. पण ह्यांच्या गाठीवर चालतील अशा गोळ्या आहेत. त्यांवर काही बायका बरीच वर्षं काढतात.”

“काही म्हणजे?”

“ते आत्ता नाही सांगता येत.”

औषधांच्या दुकानात हे रडले. मी त्यांचा चष्मा हातात धरून उभी. येताना दूध घेतलं, घरी कुकर लावला. काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही, शेजारणीबद्दल ऐकल्यासारखं आहे सगळं.

तेव्हाच कळवलं असतं, तर तू लेकीचं लग्न टाकून धावत आली असतीस. मी काय तुला ओळखत नाही?

लेकीला एवढ्यात सांगू नकोस. तू मात्र ये. भांडायचं असेल तर कडकडून भांड. ह्या घरात हल्ली सगळेच माझ्याशी फार हळू बोलतात.

अजून तुझीच,
ताई